अज्जीचे गुडघे

पायमशीनवर बसणाऱ्या बाईचे गुडघे लवकर झिजतात. माझे चाळिशी ओलांडल्यावर दुखायला लागले, आता चोपन्नावं चालू आहे. एरवी दिवसाला पाच-सहा ब्लाउज, लग्नसराईत आठ-नऊ. संध्याकाळी शटर ओढून घराचा जिना चढताना दर पायरीला कठड्याला हात लागतो. म्हणून असेल, 'अज्जी' हा सिनेमा बघायला बसले तेव्हा मला सगळ्यांत आधी तिचे गुडघे दिसले. ती जमिनीवरून उठते कशी, आधी हात कुठे टेकवते, चालताना कुठला पाय सावकाश टाकते. ही बाई माझ्याच धंद्यातली आहे, शिवणकाम करणारी, हे कळायच्या आधी मला तिचं दुखणं कळलं.

सिनेमा पहिल्यांदा लेकीच्या लॅपटॉपवर पाहिला, अर्ध्यात बंद केला. आठवडाभरानं पुरा केला. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा पाहिला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

देवाशीष मखीजा यांचा हा हिंदी सिनेमा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि २४ नोव्हेंबर २०१७ ला आपल्याकडे लागला. सारेगामा या गाण्यांच्या जुन्या कंपनीनं 'यूडली फिल्म्स' नावानं छोट्या खर्चाचे सिनेमे काढायला घेतले, त्यातला हा सुरुवातीचा. मोठा नट नाही, नाचगाणं नाही. मुंबईतली झोपडपट्टी, अरुंद बोळ, बराचसा सिनेमा रात्रीच्या अंधारात. गोष्ट दोन ओळींची आहे. दहा वर्षांच्या मंदावर बलात्कार होतो. करणारा तिथल्या पुढाऱ्याचा मुलगा, विलासराव धावले. पोलीस काही करत नाहीत, आईबाप गप्प बसतात. संधिवातानं वाकलेली आजी ठरवते की आता आपणच.

अज्जी झाल्यात सुषमा देशपांडे. माझ्या वयाच्या बायकांना हे नाव सांगावं लागत नाही. मी कॉलेजात होते तेव्हा त्यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' पाहिलं होतं. १९८९ पासून त्यांनी ते एकपात्री गावोगाव केलं, लिहिलंही त्यांनीच. मी पाहिलं तेव्हा रंगमंच असा नव्हताच, एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही बायका-पोरी बसलो होतो आणि समोर ही बाई पदर खोचून उभी. बोलायला लागली ती थेट आमच्याशीच. नायगावचं बालपण, लग्न, १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा, रस्त्यात अंगावर पडणारं शेण. मध्येच कुणाकडे तरी बघून प्रश्न विचारायच्या आणि ती बाई खरंच उत्तर द्यायची. माझ्या शेजारी बसलेल्या एक आजीबाई तर 'व्हय गं बाई' म्हणत होत्या. त्या दिवशी घरी येऊन मी बापाला सांगितलं, मी बीए पुरं करणार. केलं.

तोच आवाज, तोच चेहरा, आणि 'अज्जी'मध्ये ती बाई जवळजवळ बोलतच नाही.

हे मला फार लागलं. १८६३ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते स्वतःच्या घरात. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, सुखरूप बाळंत व्हावं, बाळ ठेवून जायचं तर ठेवून जावं. म्हणजे त्या बाईला रात्री-अपरात्री ठोठावायला एक दार होतं. ते दार उघडणारी बाई आम्हाला ज्यांनी दाखवली, त्याच सुषमाताई या सिनेमात अशी म्हातारी झाल्यात जिला ठोठावायला एकही दार उरलेलं नाही. हे कुणी मुद्दाम ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण सतरंजीवर बसून ते एकपात्री पाहिलेल्या आमच्यासारखीला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

सिनेमातल्या दारांचं सांगते. पहिलं दार पोलिसाचं, आणि तो स्वतःच घरी येतो. दस्तूर नावाचा इन्स्पेक्टर, विकास कुमार यांनी केलाय. झोपडीत येतो, पोरगी निपचित पडलेली, आणि तो मदत करायचं सोडून घरालाच दम भरतो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी जो पॉक्सो कायदा आहे त्यात लिहिलंय की मुलाचा जबाब त्याच्या घरी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा, आणि तेव्हा अंगावर गणवेश नसावा. हे सगळं कशासाठी, तर लेकराला भीती वाटू नये म्हणून. कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. सिनेमा त्यानंतर पाच वर्षांनी आला, आणि त्यात पोलीस घरी येणं हीच सगळ्यांत मोठी भीती आहे. कायद्यानं ज्या घराला आसरा मानलं, त्या घराला दारच नाही, फक्त पडदा आहे. कुणीही आत येतं.

हे मी सिनेमा पाहून नुसतं बोलत नाहीये. आमच्या वस्तीत असंच एक घडलं. मुलीचं नाव सांगणार नाही, कायद्यानं सांगताही येत नाही आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं. घर, नातं, वय, सगळ्या खुणा मी इथे बदलून टाकल्यात. एवढंच सांगते की तिची आई माझ्याकडे फॉल-पिकोची कामं घ्यायची. एका संध्याकाळी दुकानात आली, साडी टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली. मी विचारलं, किती दिवसांत हवी? ती म्हणाली, "ताई, माझ्या पोरीला कुणीतरी..." आणि पुढचं तिच्या तोंडून निघेना.

आम्ही दोघी चौकीवर गेलो. साडेसात वाजले होते. साहेब बंदोबस्ताला गेलेत, थांबा. थांबलो. नऊ वाजता एकानं विचारलं, घरगुती मॅटर आहे का? मी म्हटलं, दहा वर्षांच्या पोरीचं आहे. म्हणाला, बघा, बदनामी पोरीचीच होते, तुम्ही समजूतदार दिसता, आपसांत मिटवा. मुलीची आई खाली बघत होती. मला आठवतं, तिच्या पायात वेगवेगळ्या जोडांच्या दोन चपला होत्या, घाईत घालून आलेली.

माझी एक गिऱ्हाईक वकील आहे. तिला बाहेर येऊन फोन लावला. ती म्हणाली, "काकू, वाद घालू नका. फक्त एवढं म्हणा की तक्रार घेत नाही हे लेखी द्या. आणि विचारा, पॉक्सोचं कलम २१ माहीत आहे का." कलम २१ म्हणजे असा गुन्हा कळूनही नोंदवून घेतला नाही तर त्याची शिक्षा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबरही तिनंच दिला, तिथेही फोन करून ठेवायला सांगितलं. मी आत गेले आणि तिनं सांगितलं तसं, तेवढंच बोलले. माझा आवाज कापत होता. रात्री दीड वाजता एफआयआर झाला. महिला अधिकारी दुसऱ्या दिवशी साध्या ड्रेसमध्ये घरी आली, पोरीच्या शेजारी जमिनीवर बसली, आधी तिच्या वहीतली चित्रं बघितली. म्हणजे असंही होतं. होऊ शकतं. पण त्यासाठी एक वकील गिऱ्हाईक असावी लागते, आणि तिचा ब्लाउज वेळेवर दिलेला असावा लागतो म्हणजे ती रात्री नऊलाही फोन उचलते.

अज्जीकडे असं कुणी नाही. तिच्या बाजूनं उभी राहते ती लीला, देहविक्रय करणारी. सादिया सिद्दीकींनी ती केलीय. ज्या बाईला वस्ती नावं ठेवते तिच्याशिवाय या घराला माणूस नाही. आईचं काम स्मिता तांबेचं. 'जोगवा'तली स्मिता ज्यांना आठवते त्यांना तिचा इथला चेहरा बघवणार नाही. ही आई वाईट नाही. तिला उद्याचं घर चालवायचंय. चौकीवर माझ्या शेजारी खाली बघत उभी राहिलेली बाई मला तिच्यात दिसली, आणि म्हणून जे लोक सिनेमा बघून 'आई कशी गप्प बसते' म्हणतात त्यांच्यावर मला राग येतो. एकदा तिच्या जागी उभं राहून बघावं.

आता माझ्या आजीचं सांगते, कारण त्याशिवाय हा सिनेमा मला काय करून गेला ते कळणार नाही.

माझं माहेर सोलापूर. आमच्या गल्लीत तेलुगू, कानडी, मराठी सगळी घरं मिसळलेली, म्हणून आम्ही आजीला अज्जीच म्हणायचो. आमची अज्जी विड्या वळायची. दिवसाला हजार. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घ्यायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं पानं आपोआप वळतायत. संध्याकाळी विड्या द्यायला गेलं की तिथला माणूस गठ्ठे तपासायचा आणि मूठ-मूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत. अज्जी त्याच्याशी कधी भांडली नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. गल्लीतल्या एका पोरीच्या बाबतीत काहीतरी झालं. काय, ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही, पण ज्याच्याकडून सगळी गल्ली व्याजानं पैसे घ्यायची त्या माणसाचं नाव कुजबुजत घेतलं जायचं. चार मोठी माणसं बसली. पोरीला मामाच्या गावाला पाठवून दिलं. तो माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा वसुलीला आला.

त्यानंतर अज्जी विड्या वळायला घरात बसेनाशी झाली. शाळा सुटायच्या वेळेला सूप घेऊन पायरीवर यायची. समोर पान कापायची कात्री. गल्लीतली शेवटची पोरगी घरात शिरेपर्यंत तिथेच. थंडीत सुद्धा. तो माणूस आला की अज्जी हातातलं पान खाली ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. बोलायची नाही काही. तो गेला की पुन्हा पान उचलायची. मी दहावी होईपर्यंत ती अशी बसत होती. मला वाटायचं तिला उजेड पुरत नाही म्हणून ती बाहेर बसते. ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी आईनं एकदा सहज सांगितलं तेव्हा कळलं. मी चुलीपाशी बसून ऐकत होते, आणि मला एकदम ती कात्री आठवली. कात्रीची टोकं नेहमी गल्लीच्या तोंडाकडे असायची.

'अज्जी'मधला सूड ज्या प्रसंगानं गाजला तो शेवटचा प्रसंग मी सांगत बसणार नाही. मला त्याच्या आधीच्या रात्री महत्त्वाच्या वाटतात. ती त्याचा माग काढते. तो कुठे जातो, कुणाबरोबर बसतो, कधी एकटा असतो. दुखऱ्या पायांनी, भिंतीच्या आधारानं, अंधारात. आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण म्हातारीकडे कुणीच बघत नसतं. बसमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत हे मला आता स्वतःला कळायला लागलंय. केस पांढरे झाले की बाई दिसेनाशी होते. मखीजांनी तेच तिचं हत्यार केलंय. आमच्या अज्जीनं दहा-पंधरा फुटांवरून जे केलं तेच ही चालत चालत करते. नजर ठेवते. आमची अज्जी राखण करत होती, आणि ही शिकारीला निघालीय, पण नजर तीच आहे, हे मी शपथेवर सांगेन.

मग ती खाटकाकडे जाते. सुधीर पांडे यांनी केलेला खाटीक तिचा ओळखीचा, आणि ती त्याला म्हणते मला मांस कापायला शिकव. इथे मी लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकले. कारण हे मला कळतं. कापड बेतायला मी ज्यांच्याकडे शिकले त्यांनी पहिले दोन महिने मला कात्री हातात दिली नव्हती. आधी कापडावरून हात फिरव, म्हणायच्या, उभा धागा कुठला आडवा कुठला ते बोटाला कळू दे. चुकीच्या बाजूनं कापलं की कापड ओढ खातं, मग कितीही नीट शिवा, मुंढ्यात चुणी येतेच. अज्जी तशीच शिकते. सुरी कुठे अडते, सांधा कुठे सुटतो, किती जोर द्यायचा. पडद्यावरचे बदला घेणारे नायक एका गाण्यात तयार होतात. ही बाई हातानं शिकते, आणि तिचे हात संधिवाताचे आहेत. आयुष्यभर हातावर पोट असलेल्या बाईला दुसरं येतं तरी काय? बंदूक कुठून आणणार ती? ती तिला कळेल असं काम शोधते आणि ते नीट शिकून घेते. मला त्या प्रसंगांत रक्त दिसलंच नाही. एक कारागीर बाई म्हातारपणी नवीन कसब शिकतेय एवढंच दिसत राहिलं, आणि कशासाठी शिकतेय ते आठवलं की पोटात खड्डा पडायचा.

एक गोष्ट मला मान्य नाही. धावले एका पुतळ्याशी, म्हणजे कपड्याच्या दुकानात असतो तसल्या बाईच्या पुतळ्याशी, जे करतो तो प्रसंग. मंदावर झालेला अत्याचार सिनेमात दाखवलेला नाही, आणि त्याबद्दल मी दिग्दर्शकाचे हात जोडून आभार मानते. तो माणूस काय आहे हे कळावं म्हणून हा पुतळ्याचा प्रसंग घातला असणार. अभिषेक बॅनर्जीनं तो अशा थंडपणे केलाय की नंतर 'पाताल लोक' या वेब मालिकेत तो हथोडा त्यागी म्हणून आला तेव्हा मी आधीच घाबरलेली होते. पण तो प्रसंग फार वेळ चालतो. अज्जी ते लपून बघतेय आणि आपणही बघतोय. पहिल्या वेळी मी इथेच लॅपटॉप मिटला. माझ्या दुकानात काचेआड एक पुतळा आहे, त्याला नमुन्याचे ब्लाउज घालून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि मला त्याच्याकडे बघवेना. ओढणी गुंडाळून तो मी मागच्या भिंतीला तोंड करून ठेवला. पंधरा दिवस तसाच होता. एखाद्या प्रसंगाचा एवढा परिणाम झाला म्हणजे तो चांगला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्याच्या निम्म्या वेळात मला कळलं असतं.

सिनेमाबद्दल बोलताना लोक इंग्रजी शाळेतली लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची गोष्ट काढतात. लिहिणाऱ्यांनीही ती तशी जोडलेली आहे. मला मात्र आपली भोपळ्यातली म्हातारी आठवत होती. लेकीकडे निघालेली, वाटेत वाघ भेटतो, लांडगा भेटतो, आणि ती म्हणते, आत्ता मला खाऊन काय मिळणार, लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, लठ्ठ होऊ दे, मग खा. लहानपणी वाटायचं म्हातारी घाबरून गयावया करतेय. ती वेळ मागून घेत होती. 'अज्जी'तली बाईही तेच करते. सगळ्यांना वाटतं ती खचलीय, आणि ती वेळ मागून घेतेय.

माझ्या नवऱ्यानं सिनेमा पाहून एकच विचारलं, असं खरंच कुणी करतं का? मी त्याला नागपूरची आठवण करून दिली. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयाच्या आवारात संपवलं. वर्षानुवर्षं त्याची दहशत, वर्षानुवर्षं तक्रारी, आणि प्रत्येक वेळी तो सुटून परत वस्तीत. त्या दिवशी बायका तिखटाच्या पुड्या घेऊन गेल्या होत्या. स्वयंपाकघरातलं तिखट. पुढे २०१४ मध्ये खटल्यातल्या आरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली. तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांत दुकानात दोन तट पडले होते, मला आठवतं. एक शिक्षिका म्हणाल्या, असं सुरू झालं तर उद्या कुणालाही मारतील. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "बाई, तुमच्या गल्लीत तो राहत नव्हता." मी तेव्हा मापं घेत होते, काही बोलले नाही. आज बोलायचं तर दोघींचंही मला पटतं, आणि ते दोन्ही एकत्र धरून ठेवणं अवघड आहे.

तिथे शेकडो बायका होत्या, एकमेकींच्या अंगाला अंग लावून. अज्जी एकटी आहे. हा फरक मला सगळ्यांत जास्त छळतो. तिनं जे केलं ते केल्यावर ती कुणाला सांगणार? सिनेमा संपतो तेव्हा माझ्या मनात विजयासारखं काही आलं नाही. टाळ्या वाजवाव्यात असा तो शेवट नाही आणि तसा नाही हेच त्याचं मोठेपण. मला मंदाची काळजी लागून राहिली. अज्जी त्या सगळ्या रात्री बाहेर होती तेव्हा मंदाशेजारी कोण झोपलं? तिला स्वप्नं पडत असतील तेव्हा कुणी उठून पाणी दिलं? शर्वाणी सूर्यवंशी या लहान मुलीनं मंदाचं काम केलंय, फार कमी वेळ ती पडद्यावर आहे, आणि तिचे डोळे संपूर्ण सिनेमावर आहेत. मला वाटत राहिलं, अज्जी, तू घरी जा गं. तिच्याजवळ बस. आणि त्याच वेळी, खरं सांगते, ती सुरी हातात घट्ट धरावी असंही वाटत होतं.

आमच्या वस्तीतल्या त्या पोरीच्या खटल्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. कायद्यात लिहिलंय की मुलाची साक्ष तीस दिवसांत घ्यावी आणि खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवावा. तिची साक्ष दीड वर्षानं झाली. साक्षीच्या दिवशी मध्ये पडदा होता, तिला तो माणूस दिसू नये म्हणून. आई तिच्या शेजारी होती, मी बाहेर बाकावर. आत पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "काकू, त्यांनी मला चॉकलेट दिलं." आणि मग म्हणाली, "मी खाल्लं नाही. पण मी सगळं सांगितलं."

ती आता रविवारी दुकानात येते. तिला काज करायला शिकवलंय, हूक लावायला शिकवलंय. टाका बारीक घालते, माझ्यापेक्षा बारीक. तिच्या शाळेच्या गणवेशाचं माप घ्यायचं होतं तेव्हा मी टेप तिच्याच हातात दिली आणि म्हटलं, तू धर, मी आकडा लिहिते. छाती, कंबर, बाही, सगळं तिनं स्वतः धरलं. तेव्हापासून मी लहान मुलींची मापं अशीच घेते.

परवा ती मशीनवर बसली होती आणि मी मागे उभी राहून बघत होते. पाय पुरत नव्हते म्हणून पुढे सरकून बसली होती. म्हणाली, काकू, तुमचे गुडघे का दुखतात? मी म्हटलं, याच मशीननं. ती म्हणाली, मग मोटर लावून घ्या ना. मोटरचे अडीच-तीन हजार लागतील, या दिवाळीनंतर लावेन म्हणते.

पुढची तारीख एकोणीसची आहे. सरकारी वकिलांचा युक्तिवाद आहे म्हणे. त्या दिवशी दुकान बंद राहील. ज्यांचे ब्लाउज त्या आठवड्यात द्यायचे आहेत त्यांनी अठराच्या संध्याकाळपर्यंत घेऊन जावेत.